डाव्या कानात आपला सूर

हेडफोन लावला की आधी पिच पाइपची बारीक फुंकर ऐकू येते. हा गाण्याचा आधारस्वर. क्षणभर शांतता. मग डाव्या कानात एकट्या बॅरिटोनचा आवाज सुरू होतो आणि उजव्या कानात उरलेले तिघे: टेनर, लीड, बास. पुष्कळदा हे चारही आवाज एकाच माणसाचे असतात. त्याने घरच्या खोलीत बसून एकेक ओळ गायलेली आणि मग चारही एकमेकींवर चढवलेल्या असतात. आपली ओळ पाठ होत आली की डाव्या कानातला हेडफोन काढायचा. बॅरिटोनची जागा रिकामी होते, ती आपण भरायची.

अमेरिकेतले बार्बरशॉप गायक याला लर्निंग ट्रॅक म्हणतात. वाद्यांच्या साथीशिवाय, केवळ आवाजांवर उभ्या राहणाऱ्या अ कापेला गायनात आपापली ओळ गळ्यावर चढवण्याचे हे आज सर्वांत रुळलेले साधन आहे. त्यावरून त्या वर्तुळात बराच काळ चर्चा चालू आहे. काहींच्या मते ट्रॅकने हजारो सामान्य माणसांना गाते केले. काहींच्या मते त्याने गायकाचा कान आणि वाचन दोन्ही मंदावले. ही चर्चा आज कुठे येऊन ठेपली आहे, ते पाहू.

आधी कान, मग कागद

बार्बरशॉपमध्ये चार ओळी असतात. मुख्य चाल लीड गातो. टेनर तिच्या वरून हलकेच चालतो, बास पाया धरतो. उरलेला स्वर बॅरिटोनच्या वाट्याला येतो. तो कधी लीडच्या खाली असतो, कधी वर उडी मारतो. त्यामुळे गाणे तोंडपाठ असलेल्या माणसालाही बॅरिटोनची ओळ अंदाजाने गाता येत नाही. ट्रॅकची निकड कळायची असेल तर या एका ओळीकडे पाहावे.

या गायनाची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आफ्रिकन-अमेरिकन तरुणांच्या चौकडीगायनात आहेत, हे लिन ॲबट यांनी 1992 च्या लेखात भरपूर पुराव्यांनिशी मांडले. 1938 मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ओ. सी. कॅश आणि रूपर्ट हॉल यांच्या बोलावण्यावरून 26 पुरुष एका क्लबच्या गच्चीवर गायला जमले आणि त्यातून आजची बार्बरशॉप हार्मनी सोसायटी उभी राहिली. ज्यांच्या गळ्यातून हा प्रकार आला त्या कृष्णवर्णीय गायकांना या संस्थेची दारे 1963 पर्यंत बंद होती. ही गोष्ट शिकण्याच्या पद्धतीच्या आढाव्यात सांगण्याचे कारण आहे. जे कानाने शिकले जाते ते सहवासातून शिकले जाते, आणि सहवास नाकारला की विद्येचा उगमही विसरला जातो.

सुरुवातीच्या काळात कागद नव्हता. एकाने चाल धरायची, बाकीच्यांनी चाचपडत आपापला स्वर शोधायचा. याला ‘वुडशेडिंग’ म्हणतात. स्पर्धा सुरू झाल्या, रचना गुंतागुंतीच्या होत गेल्या, तशी लिहिलेली अरेंजमेंट आली. चार ओळींत प्रत्येकाचा प्रत्येक स्वर नक्की झाला. त्या वेळच्या जुन्या मंडळींना कागदाचेच वाईट वाटले होते. कानाने शोधण्यातली मजा गेली, अशी त्यांची खंत होती. वुडशेडिंग जपण्यासाठी पुढे एक वेगळी मंडळीही स्थापन झाली. आज ट्रॅकविरुद्ध जो कागद परंपरा म्हणून पुढे केला जातो, तो या क्षेत्रात एकेकाळी पाहुणाच होता.

प्रश्न याहूनही जुना आहे. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो दारेत्सो या ख्रिस्ती भिक्षूने स्वरांना उत्-रे-मी ही नावे देऊन नवे गाणे केवळ पाहून गाण्याची युक्ती काढली. अनोळखी चाल शिकण्यासाठी दर वेळी दुसऱ्याच्या आवाजाचा किंवा वाद्याचा आधार घेणे आरंभी ठीक, पण पुढे जाऊ पाहणाऱ्याला ते घातक, असे त्याने आपल्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. आजचा एखादा कोरस-दिग्दर्शक ट्रॅकबद्दल जे बोलतो ते जवळपास हेच आहे.

आपल्याकडे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जवळून पाहायला मिळतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोर्तुगीज काळात मुलांना सोल्फा, म्हणजे स्वरवाचन, शिकवले जाई. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने दिसू लागले, त्यामागे ही वाचनविद्या होती. दुसरीकडे लहानगे कुमार गंधर्व मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गात असत आणि सभाच्या सभा थक्क होत. पण त्यांना स्वतःचे गाणे पुढे सापडले ते मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकताना आणि त्यानंतरच्या वर्षांत. ध्वनिमुद्रिकेने काय दिले आणि कशाला ती पुरी पडली नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

टेपपासून फोनपर्यंत

तंत्राचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1950 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘म्युझिक मायनस वन’ नावाची कंपनी निघाली. एक वाद्य वगळून बाकीचा मेळ तबकडीवर द्यायचा आणि वगळलेले वाद्य घरी बसलेल्या माणसाने वाजवायचे, ही तिची कल्पना. 1963 मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि तालमीत ध्वनिमुद्रण करणे कुणालाही जमू लागले. 1979 मध्ये टास्कॅमने कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्या नोंदवणारे यंत्र काढले. चार पट्ट्या, चार ओळी! बार्बरशॉपला हवे तेच हाती आले, एकटा माणूस घरी बसून पूर्ण चौकडी गाऊ शकला.

नंतर सीडी, एमपी-थ्री आणि फोन. आता गाण्याचा वेग कमी केला तरी पट्टी बदलत नाही आणि नको ती ओळ बोटाने बंद करता येते. ट्रॅक बनवणे हा काही गायकांचा पोटापाण्याचा व्यवसाय झाला आहे. विद्यापीठांतल्या अ कापेला गटांनी मात्र बरेचदा वेगळी वाट धरली. येल विद्यापीठातल्या 1909 च्या व्हिफेनपूफ्सपासून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात 1996 मध्ये भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या पेन मसालापर्यंत ही परंपरा मोठी आहे. तिथे विद्यार्थीच रचना लिहितात आणि म्यूजस्कोरसारख्या प्रणालीतून यंत्राच्या आवाजातला ट्रॅक काढून सगळ्यांना पाठवतात. त्यात शब्द नसतात, श्वास नसतो, पण तो पाच मिनिटांत तयार होतो.

ट्रॅकचे चार प्रकार रूढ आहेत. एकात सगळे आवाज समान असतात. दुसऱ्यात आपली ओळ मोठी आणि बाकीच्या मागे. तिसरा सुरुवातीला वर्णन केलेला, डाव्या-उजव्या कानांत विभागलेला. चौथ्यात आपली ओळ मुळीच नसते. पुढची बरीचशी चर्चा कोणता प्रकार कधी वापरायचा याभोवती फिरते.

बाजू घेणारे

ट्रॅकच्या समर्थकांचे म्हणणे माणसांपासून सुरू होते. बार्बरशॉप कोरसमध्ये सुतार असतो, शिक्षिका असते, टपालखात्यातून निवृत्त झालेला माणूस असतो. अनेकांना नोटेशन वाचता येत नाही आणि आठवड्यातून एकदा, दोन-तीन तासांची तालीम एवढाच वेळ हाती असतो. त्यातला निम्मा वेळ बासची ओळ पियानोवर ठोकून घेण्यात गेला तर बाकीचे तिघे ताटकळत बसतात. ट्रॅक घरून ऐकून आले तर तालमीत थेट सुरांच्या मेळावर, शब्दांवर आणि भावावर काम करता येते.

दुसरा मुद्दा पाठांतराचा. बार्बरशॉपच्या रंगमंचावर कागद हाती घेत नाहीत. स्पर्धेत प्रत्येक फेरीला दोन गाणी डोळे प्रेक्षकांकडे ठेवून गायची असतात. शेवटी सगळे स्मरणातच जायचे असेल तर स्मरणाच्या वाटेनेच का शिकू नये, असा प्रश्न ते विचारतात, आणि तो रास्त आहे. दृष्टिहीन गायकांसाठी तर ट्रॅकमुळे बरोबरीने उभे राहण्याची सोय झाली. हा फायदा आक्षेप घेणारेही मान्य करतात.

आक्षेप

आक्षेपाचा पहिला मुद्दा परावलंबनाचा. ट्रॅक मिळाला नाही तर गाणे शिकताच येत नाही, अशी अवस्था येते. दहा वर्षे कोरसमध्ये गाणाऱ्या माणसालाही हातातल्या कागदावर पुढचा स्वर वर जातो की खाली हे कळत नाही, कारण कागद त्याच्यासाठी फक्त शब्दांचा राहिलेला असतो.

दुसरा आक्षेप नकलेचा. ट्रॅक गाणाऱ्याचे स्वर आपण उचलतो, तसे त्याचे उच्चार, त्याचे ठेके आणि त्याच्या चुकाही उचलतो. पुण्यातल्या एका हौशी वृंदात मी काही वर्षे टेनर गायलो. एका गाण्याची ओळ आम्ही पाच जण फोनवरच्या एकाच ध्वनिमुद्रणावरून बसवत होतो. तालमीत दिग्दर्शिकेने हात वर करून आम्हाला थांबवले. आम्ही पाचही जण एका शब्दाच्या मधोमध श्वास घेत होतो, तोही अगदी एकत्र. कागदावर तिथे काहीच खूण नव्हती. ज्याने ते ध्वनिमुद्रण केले होते त्याला त्या दिवशी तिथे दम लागला होता, एवढेच. तो श्वास आमच्या गळ्यातून जायला तीन आठवडे लागले. चुकीचा स्वर एका तालमीत सुधारला असता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खोल वाटतो. कानात आपली ओळ मोठ्याने वाजत असते तेव्हा आपण ती एक स्वतंत्र चाल म्हणून शिकतो. पण बॅरिटोनच्या स्वराला एकट्याने अर्थ नाही. त्या क्षणी बास कुठे आहे यावर तो षड्ज की पंचम की गंधार, हे ठरते. ट्रॅकवर पक्की झालेली माणसे पहिल्या तालमीत बरोबर स्वर गातात, पण बाजूच्याकडे लक्ष न देता. चार जण चार हेडफोन लावल्यासारखे गातात, अशी तक्रार दिग्दर्शक करतात.

गंधाराचा प्रश्न

मराठी वाचकाला हा भाग सहज समजेल, कारण तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार आपल्या ओळखीचा आहे. नीट जुळलेल्या खर्जाच्या तारेतून न वाजवलेला गंधार आपसूक उमटतो. षड्जाच्या पाचव्या उपस्वरातून येणारा हा गंधार पियानोच्या किंवा हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो (एका सप्तकाचे 1200 सेंट). 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यामागच्या आक्षेपांत हे ठरीव स्वर हाही एक मोठा मुद्दा होता.

बार्बरशॉपचा जीव याच जागी आहे. त्यांच्या आवडत्या चतुःस्वरी मेळात कंपनसंख्यांचे प्रमाण 4:5:6:7 असे साधले की चार गळ्यांच्या वर एक पाचवा आवाज ऐकू येतो. त्याला ते ‘रिंग’ म्हणतात आणि त्यासाठी तळमळतात. या मेळातला सातवा स्वर, म्हणजे आपल्या कोमल निषादाच्या जागेचा, पियानोच्या त्याच पट्टीपेक्षा जवळजवळ 31 सेंट खाली बसतो. कानाला हा फरक चांगला जाणवतो.

मग ट्रॅक कोणत्या स्वरांत गायचा? यंत्राने वाजवलेला ट्रॅक सहसा पियानोच्या समान अंतरांवर चालतो. माणसाने गायलेल्या ट्रॅकवरही नंतर सूर सुधारणारी प्रणाली चालवली, तर ती अनेकदा त्याच अंतरांवर स्वर नेऊन बसवते. अशा ट्रॅकवर महिनाभर रियाज केला की कानात तो गंधार मुरतो आणि तालमीत तो मोडून काढावा लागतो, असे एक गट म्हणतो. कसलेल्या ट्रॅककारांचे म्हणणे वेगळे आहे. ते प्रत्येक ओळ आधीच्या ओळींच्या मेळात गातात, म्हणून त्यांच्या ट्रॅकमध्ये रिंग असते, आणि ती ऐकणे हेच नवख्याचे पहिले स्वरशिक्षण ठरते. दोघांचेही बरोबर आहे. ते दोन वेगळ्या ट्रॅकबद्दल बोलत आहेत, आणि कोरसच्या सदस्याला आपल्या फोनवर यांपैकी कोणता आला आहे हे कुणी सांगत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. केवळ आवाजांवर गाणारा गट शुद्ध अंतरांत गात राहिला तर सबंध गाण्याची पट्टी हळूहळू सरकू शकते. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात डेव्हिड हॉवर्ड यांनी छोट्या गायकगटांवर केलेल्या अभ्यासात हे मोजलेले आहे. ट्रॅकची पट्टी मात्र शेवटपर्यंत हलत नाही. जिवंत मेळात एकमेकांना सावरत पट्टी धरून ठेवणे हे कौशल्य आहे, आणि त्याची सवय न हलणाऱ्या आवाजाबरोबर गाऊन लागत नाही.

अभ्यास काय सांगतात

ट्रॅक विरुद्ध कागद असा सरळ निकाल संशोधनातून काढता येत नाही, पण दोन-तीन गोष्टी उपयोगी आहेत. शॉन हचिन्स आणि इझाबेल पेरेट्झ यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एक स्वर ऐकवून तो आधी सरकपट्टीच्या साधनावर आणि मग गळ्याने जुळवायला सांगितले. साधनावर अचूक जुळवणारे अनेक जण गळ्याने चुकले. म्हणजे बेसुरेपणाचे मूळ पुष्कळदा कानात नसून गळ्यावरच्या ताब्यात असते. गाडी चालवताना नुसते शंभर वेळा ऐकून ओळ गळ्यात उतरत नाही, हा दिग्दर्शकांचा अनुभव याच्याशी जुळतो. याच प्रयोगांत असेही दिसले की माणूस स्वतःच्या आवाजातला स्वर अधिक चांगला जुळवतो. पुरुषाच्या आवाजातला ट्रॅक ऐकून एक सप्तक वर गाणाऱ्या स्त्रियांची तक्रार त्यामुळे गांभीर्याने घ्यायला हवी.

स्टॉकहोममधले स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी वृंदगायकांना आपला आवाज इतरांच्या तुलनेत किती मोठा ऐकू आलेला आवडतो हे तपासले. सरासरी उत्तर निघाले सुमारे 6 डेसिबलने मोठा. बंद हेडफोनमध्ये हे प्रमाण विस्कटते, म्हणून गायक आपसूक एक कान उघडा ठेवतात.

या सगळ्यातून अनेक कोरसनी एक मधली वाट काढली आहे. आधी पूर्ण मेळ कागद समोर ठेवून ऐकायचा. मग आपली ओळ मोठी असलेला ट्रॅक, पण ऐकण्यापेक्षा जास्त वेळा गाऊन. शेवटी आपली ओळ नसलेला ट्रॅक. त्यानंतर स्वतः गाऊन ध्वनिमुद्रण करायचे आणि विभागप्रमुखाला पाठवायचे. ते पसंत पडल्यावरच रंगमंचावर जागा. या शेवटच्या पायरीचे महत्त्व मला फार वाटते, कारण इथे गायक पहिल्यांदा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकतो.

महामारी आणि परवानगी

10 मार्च 2020 रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली कोरालची अडीच तासांची तालीम झाली. हजर 61 जणांपैकी 53 जण निश्चित किंवा संभाव्य कोविडने आजारी पडले, दोघे दगावले. जगभरच्या वृंदांनी एकत्र गाणे थांबवले. संगीतकार एरिक व्हिटॅकर यांनी 2010 मध्येच 12 देशांतल्या 185 गायकांची घरोघरची चित्रणे जोडून आभासी वृंद उभा केला होता. आता प्रत्येक गल्लीतल्या वृंदाला तो मार्ग धरावा लागला. त्या काळात ट्रॅक हाच तालीम, हाच दिग्दर्शक आणि हाच शेजारी होता. निर्बंध उठल्यावर परतलेल्या गायकांपैकी बरेच जण ओळी पक्क्या करून आले, पण शेजारच्याचा श्वास ओळखायला त्यांना पुन्हा शिकावे लागले.

कायद्याची बाजू कोरडी आहे, पण टाळता येत नाही. अमेरिकेत गाण्याची प्रत काढून वाटायची तर रचनाकाराचा हक्क लागू होतो. पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला त्यासाठीचा ठरीव दर 2006 पासून 2022 पर्यंत प्रतीमागे 9.1 सेंट होता, 2023 मध्ये तो 12 सेंट झाला. अरेंजरची परवानगी आणि ट्रॅक गाणाऱ्याचा मोबदला वेगळा. रक्कम छोटी असते, तरीही सत्तर जणांच्या कोरसमध्ये एकाने विकत घेतलेला ट्रॅक सगळ्यांकडे जातो. ज्याने चार वेळा गाऊन तो बनवला, त्याच्या श्रमाची ही अवहेलना आहे, आणि याबाबत माझ्या मनात संदेह नाही.

जे सुटलेले नाही

काही प्रश्न खुले आहेत. ट्रॅकवर वाढलेली पिढी पुढे नोटेशन शिकते की सोडून देते, हे वर्षानुवर्षे पाहिल्याशिवाय ठरणार नाही. ट्रॅकमध्ये भाव किती भरावा, यावर ट्रॅककारांतच दोन मते आहेत. सपाट गायले तर शिकणारा कंटाळतो, रंगून गायले तर प्रत्येक कोरस एकाच माणसाच्या थाटात गाऊ लागतो. यंत्राने बनवलेले मानवी आवाज आता शब्दांसकट गातात. त्यांच्यामुळे ट्रॅक स्वस्त होतील हे उघड आहे, पण मेळात बसून गाणाऱ्या ट्रॅककाराची ती रिंग त्यांत उतरेल का, हे कान देऊन तपासावे लागेल. आणि ज्या कोरसकडे पियानो वाजवणारा नाही, दिग्दर्शक महिन्यातून दोनदा दुरून येतो, त्यांना ट्रॅक कमी वापरा असे सांगताना पर्याय काय द्यायचा, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडून अजून आलेले नाही.

बार्बरशॉपच्या संमेलनांत रात्री उशिरा हॉटेलच्या जिन्याखाली अनोळखी माणसे गोळा होतात. गाण्याचा फक्त शेवटचा तुकडा, ज्याला ते ‘टॅग’ म्हणतात, एक जण शिकवतो. आधी बासला त्याची ओळ गाऊन दाखवतो, मग लीडला, मग टेनरला. बॅरिटोन शेवटी. हातात कागद नसतो आणि फोन खिशात असतो. बॅरिटोन दोनदा चुकतो, शिकवणारा त्याच्या कानाशी वाकून तो एक स्वर पुन्हा गातो. तिसऱ्या खेपेला चौघे एकमेकांकडे पाहत शेवटच्या मेळावर थांबतात आणि जिन्याखाली तो पाचवा आवाज घुमतो. हीच माणसे सकाळी तिथे पोहोचेपर्यंत गाडीत ट्रॅक ऐकत आलेली असतात.